सात नंबरचं कुलूप

एकसष्टाव्या वर्षी फिलोमिना समुद्रात बुडी मारायला शिकू लागली, तेव्हा अख्ख्या गावाने तिला वेड्यात काढलं. कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. बेचाळीस साली जर्मन पाणबुडीने न्यूफाउंडलंडच्या या खाडीत लोहखनिजाचं जहाज बुडवलं, त्यावर तिचा बाप एल्ड्रेड स्वयंपाकी होता. "काकवीच्या कपाटाला कुलूप घातलं, मगच होडीत उतरलो," असं तो मरेपर्यंत सांगायचा आणि सात आकडा कोरलेली पितळी किल्ली दाखवायचा. लोक फिदीफिदी हसायचे. शेजारच्या गारलँडचा बाप त्याच होडीत होता. गारलँडच्या बापाच्या मते एल्ड्रेड सगळ्यांच्या आधी पळाला, तोही नुसत्या चड्डीवर, आणि किल्ली मागाहून भंगारात मिळवलेली. ही थट्टा फिलोमिनाला लहानपणापासून सलत होती.

दोन वर्षांनी, जूनमधल्या एका सकाळी, गारलँडच्याच होडीतून ती निघाली.

"बये, अजून बर्फाचे डोंगर तरंगतायत. थापाड्या बापासाठी गोठून मरशील!"

"आणि कुलूप सापडलं तर?"

"रविवारी चर्चच्या न्याहारीला सगळ्यांसमोर कबूल करेन."

"मग आत्तापासून पाठ कर. ऐन वेळी त त प प होईल तुझं."

तिच्यासोबत बुडी मारणारी वाटाडी शोना मुखवटा चढवता चढवता म्हणाली, "खालचं काही हलवायचं नाही, वर आणायचं नाही. माणसं गेलीत तिथे."

पाण्याने ओठ बधिर झाले. दोर धरून दोघी खाली गेल्या. जहाजाच्या स्वयंपाकघराचं छप्पर कधीच ढासळलं होतं, चूल आडवी पडली होती. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाच्या दोन्ही बाजू गंजून गळल्या होत्या. दार तेवढं उभं होतं आणि दारावर हिरवट पितळी कुलूप. फिलोमिनाने हाताने पाणी ढवळलं, कुलपावरचा गाळ उडाला. सात! तिने गळ्यातली किल्ली शेजारी धरली, शोनाने फोटो काढला. मुखवट्याच्या आत डोळे पुसता येत नाहीत, त्यामुळे परतताना तिला काही धड दिसलं नाही.

होडीत गारलँडने फोटोतला आकडा मोठा करून पाहिला.

"म्हणजे थापा माझा बाप मारायचा."

"घाबरला असेल रे. वीस वर्षांची पोरं होती ती."

रविवारी गारलँड उभा राहिला. पाठ केलेलं सगळं विसरला. "एल्ड्रेडने कुलूप घातलं होतं," एवढंच म्हणून मटकन खाली बसला.

फिलोमिनाने तळलेल्या पावाची ताटली त्याच्याकडे सरकवली आणि काकवीची बरणी पुढ्यात ठेवली.

"खा पोटभर. आज कुलूप नाही."