मुद्दाम वाकडी कापलेली पाकळी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. घाबरू नका, मी भाजी चिरत नाही आणि कुणाच्या अंगावर धावूनही जात नाही. माझी उंची तुमच्या बोटाएवढी. खाली तिरकं पातं, मधे पितळेची जाड मान आणि डोक्यावर पहिलं बोट टेकवायला एक कमान. माझी मान गोल फिरते, म्हणून चामड्यावर वळणाची रेघ कापायला मला घेतात. वेली, पानं, फुलं सगळं आधी मी कापते. मग ठसे येऊन ठोकाठोक करतात, फूल उठून दिसतं आणि लोक ठशांचं कौतुक करतात. जाऊ दे, ते माझं जुनं दुखणं आहे.

माझा जन्म एका लेथच्या कारखान्यात झाला. एका तरुण कारागिराने समोर उभं राहून मला करून घेतलं. "मान जरा सैल हवी", "आता फार सैल झाली" असं करत त्याने लेथवाल्याचं डोकं खाल्लं. "अरे बाबा, तुला सुरी हवीय की बायको?" असं तो बिचारा शेवटी वैतागून म्हणाला. तोच कारागीर पुढे आमच्या गल्लीचा मास्तर झाला. टायरवाल्याच्या शेजारी त्याचं एका खोलीचं दुकान होतं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर गुळगुळीत दगडी फरशी, फरशीवर ओलसर चामडं आणि चामड्यावर मी. घोड्यांची खोगिरं, पट्टे, पिशव्या, काय काय आम्ही सजवलं!

मास्तरांच्या हाताचं काय सांगू! पाकळीच्या टोकाशी मला दाबून टेकवायचे आणि पुढे नेता नेता हलकेच उचलत जायचे. रेघ बारीक बारीक होत कुठे विरून गेली, ते माझं मलाच कळत नसे. चामड्यावर खोडरबर चालत नाही, मित्रांनो. एकदा कापलं की कापलं. त्या काळात मी जरा शेफारलेच होते. सगळी करामत आपलीच, असं मला वाटायचं.

मग मास्तरांची मुलगी शिकायला आली. कॉलेज संपलं, नोकरीत मन रमेना, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. पहिल्या दिवशी तिने मला पेनासारखं धरलं. माझा तर जीवच गेला. "पोरी, लिहायचं नाहीये, कापायचंय," मास्तर म्हणाले. "सरळ उभी धर. ओढू नकोस, बोटांनी फिरव." कितीतरी दिवस ती टाकाऊ तुकड्यांवर नुसत्या रेघा कापत होती. आधी सरळ, मग कमानी, मग वेटोळी. पुढे तिने पहिलं फूल केलं आणि रेघेच्या भलत्याच बाजूने ठसा ठोकला. खाली जायची ती फुलाभोवतीची जमीन वर राहिली आणि फूल गेलं खड्ड्यात. मास्तरांनी ते उजेडात धरलं.

"हे फूल आहे की कुणी चिखलात पाय दिलाय?"

ती इतकी लाजली की कानापर्यंत लाल झाली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! ओलावा ओळखायला मास्तरांनी तिला चामडं गालाला लावायला शिकवलं. गालाला गार लागलं पाहिजे, पण ओलं लागता कामा नये. फार ओलं असलं की ठसा पसरतो, कोरडं असलं की मी अडते. हळूहळू तिच्या रेघेला वळण आलं. मास्तर तोंडावर कौतुक करत नसत. पण ती घरी गेली की तिचा तुकडा उचलून खिडकीपाशी बराच वेळ बघत बसत.

आणि मग एक दिवस मास्तरांची रेघ हलली.

"धार गेली हिची," ते म्हणाले आणि मला घासलं. पुन्हा रेघ हलली. पुन्हा घासलं. मान खोलून तेल दिलं. "आजकाल धड चालतच नाही ही मेली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. मित्रांनो, मला खरंच वाटायला लागलं की दोष माझाच आहे. म्हातारपणी आपल्याने होत नाही आणि आपण मास्तरांचं नाव घालवतोय, या विचाराने माझी मान खाली गेली. गिऱ्हाईक आलं की मी ठशांच्या मागे दडून बसायची.

पण मास्तर दुपारी जेवायला घरी जात, तेव्हा मुलगी मला घेऊन सराव करायची. तिच्या हातात मी लोण्यातून जावं तशी जायची. ना अडखळणं, ना थरथर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धार शाबूत होती. थरथरत होता तो मास्तरांचा हात. मुलीलाही ते कळलं होतं. मास्तर यायच्या आत ती मला पुसून जागेवर ठेवायची. मला मात्र असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं झिजले आणि बोलणी मीच खायची? एकदा यांची चांगली फजिती होऊ दे, असं मी मनात म्हटलं. हो, म्हटलं. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

त्याच सुमारास तबेल्याच्या मालकीणबाईंनी एक खोगीर सजवायला दिलं. दोन्ही बाजूंना फुलांची वेल हवी होती आणि ती एकसारखी हवी होती. मास्तरांनी पहिली बाजू बिघडवली. बाई बघायला आल्या तर मास्तर खाली बघत म्हणाले, "सुरीने दगा दिला हो. नवी मागवलीय." बाई चांगल्या होत्या, पण त्यांनाही घाई होती. "मास्तर, शर्यत जवळ आलीय. जमणार नसेल तर सांगा, मी दुसरीकडे देते. राग मानू नका." एवढी वर्षं त्या दारातून कुणी काम परत नेलं नव्हतं.

बाई खोगीर ठेवून गेल्यावर मास्तरांनी मला मुलीपुढे ठेवलं. "तूच बघ कापून. तुझ्या हातूनही हलली, तर सुरीच खराब. नाही हलली, तर..." ते हसले. "तर माझं दुकान उठलं म्हणायचं."

तोंड हसत होतं, डोळे हसत नव्हते. मुलीने मला उचललं. मी मनात म्हटलं, चल बाई, आता दूध का दूध होऊ दे! तिने एका टाकाऊ तुकड्यावरच्या पाकळीवर मला टेकवलं आणि मुद्दाम हलवलं. इकडे जरा, तिकडे जरा. स्वतःच्या हाताने तिने स्वतःची रेघ वाकडी केली.

"खरंच हो बाबा, चालत नाही ही," ती म्हणाली.

मास्तरांनी केवढा मोठा श्वास सोडला! "बघ! मी म्हणत नव्हतो?" आणि त्यांनी मला गंजक्या खिळ्यांच्या डब्यात टाकून दिलं.

नवी सुरी आली. चकचकीत, भाव खाणारी. मी डब्याच्या काठावरून डोकावत होते. मास्तरांनी एका तुकड्यावर रेघ कापली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्ही हलल्या. नव्या सुरीला कुणी नावं ठेवली नाहीत. माझ्या मनासारखं झालं होतं, मित्रांनो. मास्तरांची फजिती झाली होती. आणि मला त्या डब्यातल्या खिळ्यांनाही तोंड दाखवावंसं वाटेना.

थोड्या वेळाने मास्तरांचा आवाज आला. "तू कापलेला तो तुकडा आण."

मुलीने तो आणला. मास्तरांनी त्या वाकड्या पाकळीवरून नख फिरवलं.

"वाकडी आहे, पण खोली सगळीकडे सारखी. आणि टोकावर बरोब्बर थांबलीय. थरथरणाऱ्या हाताला टोकावर थांबता येत नाही, पोरी. मला विचार. माझ्यासाठी खोटी कापलीस?"

मुलगी रडायला लागली. "तुम्ही दुकान उठलं म्हणालात. मग मी काय करायचं होतं?"

"नीट कापायचं होतंस," मास्तर म्हणाले. "मला लाज वाटली म्हणून मी सुरीवर ढकललं. आणि माझ्या लाजेपायी तू तुझा हात बिघडवायला निघालीस. म्हणजे मी तुला काय शिकवलं?"

त्यांनी खिळ्यांत हात घालून मला बाहेर काढलं, शर्टाला पुसलं आणि मुलीच्या हातात दिलं. बिघडलेल्या बाजूचं चामडं बदललं आणि खोगिराच्या दोन्ही बाजू तिनेच कापल्या. मास्तर चामडं गालाला लावून ओलावा सांगत आणि ठसे ठोकायला बसत. तळवा फरशीवर टेकला की त्यांचा हात बराच शांत राही. मुलगी चुकली की पहिल्यासारखे ओरडतही.

मालकीणबाई आल्या आणि खोगिरापुढे बघतच राहिल्या. "वा मास्तर! तुमच्या हाताला तोड नाही. नवी सुरी लाभली म्हणायची!"

मुलगी पटकन म्हणाली, "हो ना, लाभली." ती अजूनही वडिलांना सांभाळून घेत होती. बाई पैसे द्यायला पर्स उघडू लागल्या. मास्तर गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. मी फरशीवर पडून होते आणि या वेळी मला खरंच वाटत होतं की त्यांनी गप्प बसावं. एक जुनी सुरी बदनाम झाली तर काय बिघडतं?

मास्तरांनी उजवा हात बाईंच्या समोर धरला. बोटं थरथरत होती. लपवायचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही.

"सुरी जुनीच आहे, बाई," ते म्हणाले. "हात या पोरीचा आहे. पुढचं काम आता हिलाच सांगत जा."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी हात कधीतरी थरथरेल. चहा सांडेल, दोरा सुईत जाणार नाही. मग ते कपाला नावं ठेवतील, सुईला ठेवतील. ठेवू द्या. आम्ही निर्जीव वस्तू, चार बोलणी खाऊन आमचं काही झिजत नाही. हसू मात्र नका. मी मनातल्या मनात हसले होते, त्याची लाज मला अजून पुरतेय. त्यांच्या जवळ बसा, त्यांचा ओलावा सांगणारा गाल अजून शाबूत असतो, तो ओळखा. पण त्यांना बरं वाटावं म्हणून तुमची रेघ वाकडी करू नका. ज्यांनी ती रेघ तुम्हाला शिकवली, त्यांना ते नखाने कळतं.