सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

या फेरीत बिल्लामास्तराला मिळायची होती एक खुर्ची. ऐकायला हे फार वाटत नाही, पण अकरा वर्षं ज्याच्या बुडाखालची प्रत्येक वस्तू हलत आली आहे त्याला विचारून बघा. खुर्ची होती मधल्या धक्क्यावरच्या ऑफिसातली, चार पायांची आणि जमिनीवरची. तिच्या मागे राहायला दोन खोल्या. एका खोलीला खिडकी, खिडकीला रुंद कट्टा, आणि त्या कट्ट्यावर ठेवायच्या होत्या त्याच्या बायकोच्या कुंड्या. नवरा बोटीवर गेल्यापासून तिने दर वर्षी एक कुंडी भरली होती आणि भावाच्या घरी जिन्यात, पायरीला एक अशी मांडली होती. भावजय चढता-उतरता प्रत्येक पायरीवर एक टोमणा ठेवून जाई. तेव्हा जमेच्या बाजूला लिहायचं तर खुर्ची एक, खोल्या दोन, कट्टा एक आणि रोज डोळ्यांसमोर दिसणारी बायको एक. अट एवढीच की बारा वर्षं कोरी जायला हवीत, म्हणजे कोणी उतारू मागे राहिला नाही आणि बोट कुठे अडकली नाही, असा शेरा हवा. ही बाराव्या वर्षाची शेवटची फेरी होती.

त्याची कंपनी जगातल्या मोठमोठ्या नद्यांवर बोटी फिरवायची. तिची एक गुळगुळीत पुस्तिका होती, पानाला एक नदी. ही नदी पान तीनवर होती. नऊ दिवस प्रवाहाबरोबर खाली जायचं, नदी समुद्राला मिळते ते बघायचं आणि त्याच बोटीने परत यायचं. जाताना थांबा एकच, चौथ्या दिवशी, मधल्या धक्क्यावर. तिथून चारच्या आत निघायलाच लागे, कारण मुखाजवळचा पाण्याचा मोठा दरवाजा आठवड्यातून एकदाच उघडायचा. तो चुकला की समुद्र पुस्तिकेतच बघावा लागे.

बिल्लामास्तराचं काम सोपं होतं आणि म्हणूनच त्यात अक्कल चालवायला बंदी होती. बोटीच्या दाराशी एक लाकडी फळी, तिच्यावर शहाण्णव खिळे, प्रत्येक खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला. उतारूने खाली उतरताना आपला बिल्ला घेऊन जायचा आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवायचा. दुसऱ्याने कोणी अडकवायचा नाही. फळी भरली की बोट भरली. एक खिळा रिकामा असेपर्यंत दोर सोडायचा नाही.

आता सत्तेचाळीस नंबर. हे गृहस्थ एका कारखान्यात चौतीस वर्षं गोदामपाल होते आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घरात गोदामपालच होते. फडताळातला साबण काढायचा तर त्यांची बायको आधी तोंडी मागणी नोंदवी. या बाईंनी कंपनीची पुस्तिका सतरा वर्षं पोळपाटाखाली जपून ठेवली होती आणि नद्यांना त्या नावाने नव्हे, पानाने ओळखत. सोबत त्यांची धाकटी बहीण होती. ती बहिणीला ताई म्हणे आणि मेहुण्यांना भावोजी, पण भावोजी हा शब्द ती अशा काही सुरात उच्चारी की तो शेरा वाटावा.

गोदामपालांच्या कारखान्याच्या गेटवरही अशीच फळी होती, फक्त रीत उलटी होती. कामावर येताना बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात ठेवायचा, घरी जाताना परत अडकवायचा. बिल्ला खिशात तर माणूस आत, बिल्ला खिळ्यावर तर माणूस घरी. चौतीस वर्षांत हे त्यांच्या हाताला इतकं भिनलं होतं की डोक्याला त्यात काही करावं लागत नसे. चौथ्या दिवशी सकाळी सगळे उतारू बिल्ले ओरबाडून मधल्या धक्क्यावर उतरले. गोदामपालांनी फळीकडे पाहिलं, आपला बिल्ला खिळ्यावर आहे, म्हणजे आपण बाहेर जाऊ शकतो, अशी खात्री केली आणि हात हलवत उतरले. तीन वाजता परत आले, बिल्ला काढला, खिशात घातला आणि केबिनमध्ये जाऊन आडवे झाले.

सव्वातीनला बिल्लामास्तराने फळी बघितली. पंच्याण्णव.

त्याने कर्ण्यावरून सत्तेचाळीस नंबरचा तीनदा पुकारा केला. तिसऱ्या पुकाऱ्याला गोदामपाल डोळे चोळत स्वतःच हजर झाले आणि काय काम आहे म्हणून विचारू लागले. बिल्लामास्तर म्हणाला, सत्तेचाळीस नंबर बोटीवर नाही. गोदामपाल म्हणाले, सत्तेचाळीस नंबर मीच. बिल्लामास्तराने विचारलं, मग बिल्ला कुठे आहे. गोदामपालांनी कोटाचा आतला खिसा थोपटला आणि म्हणाले, असायला हवा तिथे.

मग दोघांची जुंपली. आणि ती साधी जुंपली नाही, कारण दोघेही एकाच धंद्यातले होते. बिल्लामास्तर आधी आर्जवाने म्हणाला, एवढा अडकवून टाका साहेब, मी दोर सोडतो. गोदामपालांनी कानाला हात लावला. आत असताना बिल्ला खिळ्यावर, याला त्यांच्या गेटवर लबाडी म्हणत. एकदा एका हमालाने तसं केलं होतं. त्याच दुपारी गोदामाला आग लागली. फळीवर त्याचा बिल्ला दिसला म्हणून कोणी त्याला शोधलं नाही. धूर निवल्यावर तो खोक्यांमागून जांभया देत बाहेर आला, पण तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस नेमून झाला होता. तो शेवटपर्यंत गेटबाहेर बसून होता, असं गोदामपाल म्हणाले.

कप्तान खाली आला. त्याने माणसं मोजली, शहाण्णव भरली. पुन्हा मोजली, पुन्हा शहाण्णव. बिल्लामास्तराने नम्रपणे सांगितलं की माणूस चुकून दोनदा मोजला जातो, बिल्ला तसा जात नाही. कप्तानाने नियमांची वही मागवली. वहीत लिहिलं होतं की नंबर कमी भरल्यास त्या उतारूला ओळखणाऱ्या माणसाला गावात पाठवून शोध घ्यावा. बिल्लामास्तर जागा सोडू शकत नव्हता. बायको म्हणाली, मला त्यांना शोधायची सवय नाही, तेच मला शोधतात. उरली धाकटी.

"भावोजी, तुम्हीच जा," ती म्हणाली. "तुम्हाला तुमच्याइतकं दुसरं कोण ओळखतं?"

गोदामपालांना यात खोट काढता येईना. उलट हरवलेल्या मालाचा तपास नीट व्हायचा असेल तर तो आपणच करावा, हे त्यांचं जुनं मत होतं. त्यांनी कोटाची बटणं लावली, दाराशी आले आणि बाहेर पडताना, हाताच्या सवयीने, खिशातला बिल्ला काढून खिळ्याला अडकवला.

फळी भरली.

बिल्लामास्तराच्या आयुष्यात विचार करायचा प्रसंग तोवर आला नव्हता. तो आता आला आणि फळीवरून धक्क्याकडे व धक्क्यावरून फळीकडे नजर जाईपर्यंत टिकला. धक्क्यावरून एक पाठ चालली होती, ती सत्तेचाळीस नंबरची होती हे त्याला लख्ख दिसत होतं. पण फळीवर शहाण्णव होते, घड्याळात चारला दोन मिनिटं होती, आणि कुठल्याशा जिन्यात अकरा पायऱ्यांवर कुंड्या होत्या. अकरा वर्षं त्याने फळीवर विश्वास ठेवला होता. आजच डोळ्यांवर ठेवायचं काय कारण, असं त्याने स्वतःला विचारलं आणि दोर सोडायची खूण केली.

इकडे गोदामपाल शोध घेत होते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी विचारलं, माझ्यासारखा एक माणूस बघितलात का. तो म्हणाला, सकाळी येऊन गेलात, काच बदलायला किती पडतील विचारलंत आणि बदलली नाहीत. न्हाव्याने सांगितलं, आरशात बघून गेलात, बसला नाहीत. छत्रीवाल्याने सांगितलं, तीन छत्र्या उघडल्यात, तिन्ही मला मिटाव्या लागल्या. तिघांच्याही म्हणण्याप्रमाणे हा माणूस तीनच्या सुमारास बोटीकडे परत गेला होता. गोदामपालांनी तिघांकडून तसं लिहून सह्या घेतल्या आणि पुराव्यानिशी धक्क्यावर आले, तर समोर नुसती नदी.

बोट अजून वळणावर दिसत होती. वरच्या डेकवर धाकटी म्हणाली, ताई, भावोजी धक्क्यावर उभे आहेत, कागद हलवतायत. ताईने कपाळावर हात धरून पाहिलं, मग बिल्लामास्तराला विचारून आली. परत येऊन शांतपणे खुर्चीत बसली.

"फळीवर आहेत म्हणे ते," ती म्हणाली. "घरी तरी आणखी कुठे असतात?" आणि तिनेही धक्क्याकडे हात हलवला.

पुढचे पाच दिवस सत्तेचाळीस नंबरचं ताट वेळेवर मांडलं गेलं, कारण स्वयंपाकघरही फळीवरच चाले. त्यातलं गोड धाकटी खाई. नवव्या दिवशी दरवाजा उघडला, बोट मुखाशी गेली आणि ताईने सतरा वर्षं पोळपाटाखाली असलेला समुद्र पाहिला. नदी कुठे संपते ते नेमकं दाखवा, असं तिला कोणी म्हटलं नाही आणि नोंद कुठे करू असंही कोणी विचारलं नाही. ती दोन तास कठड्याशी नुसती उभी होती. धाकटीने तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी कप्तानाने बिल्लामास्तराच्या वहीत बारा वर्षं कोरी असा शेरा मारला, सही केली आणि खुर्चीचं पत्र हातात दिलं. बिल्लामास्तराने बायकोला तार केली: कुंड्या घेऊन ये.

परतीच्या वाटेवर बोट मधल्या धक्क्याला लागली तेव्हा तो ट्रंक घेऊन उतरला. ऑफिसचं दार उघडं होतं. आत भिंतीवर नवी फळी होती, तिच्यावर खिळे होते, खिळ्यांवर डब्यांच्या झाकणांचे बिल्ले होते आणि खुर्चीवर गोदामपाल होते.

झालं होतं असं. इथला म्हातारा कारकून दोन वर्षांपासून बदली माणसाची वाट बघत होता. खुर्ची रिकामी सोडायची नाही, एवढाच त्याला हुकूम होता, आणि येणारा माणूस बोटीवरून उतरेल व त्याला बिल्ल्यांतलं कळत असेल, एवढंच त्याला कळवलेलं होतं. त्या संध्याकाळी एक माणूस बोटीवरून उतरलेला होता, बिल्ल्यांखेरीज दुसरं बोलत नव्हता आणि हातात सह्यांचे तीन कागद होते. म्हाताऱ्याने कागद वाचायच्या भानगडीत न पडता किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या आणि पाचची बस पकडली. खुर्ची भरल्याचं त्याने कंपनीला कळवलंही होतं. कंपनीने ठीक आहे असं उत्तर दिलं होतं.

बिल्लामास्तराने पत्र पुढे केलं. गोदामपालांनी ते दोनदा वाचलं. पत्रात लिहिलं होतं, खुर्ची रिकामी होताच आपण रुजू व्हावं. ते म्हणाले, बरोबर आहे, होताच कळवतो.

"ती माझी खुर्ची आहे," बिल्लामास्तर म्हणाला. "तुम्ही तर बोटीवर आहात. फळीवर तुमचा बिल्ला आहे, मी स्वतः बघून दोर सोडला."

"मला जाताना बघितलंत ना?" गोदामपालांनी विचारलं.

बिल्लामास्तराने पत्राची घडी घातली.

"मग आता ही फळी बघा, मास्तर. पहिला खिळा. तुमचा बिल्ला मी आधीच करून ठेवलाय. तो खिळ्यावर आहे. म्हणजे तुम्ही इथे नाही."

बिल्लामास्तराने तो बिल्ला काढून खिशात घालायला हात पुढे केला. गोदामपालांनी मान हलवली. खुर्चीचा एकच माणूस, आत एकच बिल्ला, आणि तो त्यांच्या खिशात होता.

ताई आणि धाकटी खाली उतरून हा प्रकार बघत होत्या. गोदामपालांनी बायकोला सांगितलं की अगं, मला जागा सोडता येत नाही. तिने एवढंच विचारलं की धक्क्यावरच्या नोकराच्या बायकोला बोटीचं भाडं पडतं का. त्यांनी नियम बघितला. पडत नव्हतं. पान चारची नदी कधी सुटते, हे तिने दुसरं विचारलं. धाकटी म्हणाली, भावोजी, तुमचं गोड इथे कोण खातं?

दुपारच्या बसने बिल्लामास्तराची बायको आली. भावजयीने कुंड्या मोठ्या आनंदाने बसवर चढवून दिल्या होत्या. अकरा जुन्या आणि बाराव्या वर्षाची एक. गोदामपाल खुर्चीतून न उठता खुश झाले, कारण इतक्या दिवसांत आवक म्हणून काहीच आलं नव्हतं. त्यांनी बाराही कुंड्या मोजून आत घेतल्या, प्रत्येकीच्या मातीत एक बिल्ला खोचला आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडायला लावल्या. जिवंत माल आहे, पाणी घालणारं कोणी हवं, असं म्हणून त्यांनी तेरावा बिल्ला तिच्या हातात दिला. ती आत गेली. दाराशी वळून तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही येताय ना?" तो म्हणाला, बाकावर बसतो जरा.

हिशेब असा झाला. कंपनीची बोट वेळेवर पोचली आणि खुर्ची एकही दिवस रिकामी राहिली नाही. ताईला एक नदी मिळाली, पुढची चार पानं फुकट मिळायची आहेत. धाकटीचं वजन वाढलं. गोदामपालांना गेट मिळालं. कुंड्यांना ऊन मिळालं. बिल्लामास्तराने बारा वर्षांत एकच माणूस मागे सोडला होता, आणि त्या एकाची पुरी किंमत त्यानेच भरली. ऑफिसबाहेरच्या बाकाला चार पाय आहेत, तो जमिनीवर आहे आणि तो हलत नाही, हे मात्र त्याच्या जमेला धरायला हवं.