शिशाची कढई

कढईतलं शिसं वितळून आरशासारखं झालं, तेव्हाच कौमुदी बॅग घेऊन फाटकाशी आली आणि तिथेच थांबली.

"आत ये ना पोट्टी. तुह्या आईनं खोली लावून ठेवली," गंगाधर म्हणाला.

"आधी ती शेगडी बंद करा, बाबा. तुम्ही परवा दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. तुमच्या रक्तात शिसं निघालं. मला सातवा महिना आहे. हे अंगणात राहणार असेल तर बाळंतपणाला मी येत नाही."

तिच्या आईने, कलावतीने, फाटकाबाहेर खुर्ची नेऊन दिली.

छत्तीस वर्षं ब्राह्मणपारा वस्तीतल्या बिडाच्या जुन्या पाइपांच्या सांध्यांत गंगाधर शिसं ओतत आला होता. तसा सांधा भरणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"प्लास्टिक तर कोणीबी चिकटवते," तो म्हणाला. "शिसं सोडलं त मी प्लंबर कायचा?"

कौमुदी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. "शब्द शिशावरूनच आलाय. लॅटिनमध्ये शिसं म्हणजे प्लंबम. रोममध्ये नळ शिशाचे असत. ते बसवणारा, तो प्लंबर."

"पाह्य! मी तेच सांगून राहिलो."

"पुढचं ऐका. शिशाचे नळ गेले. प्लंबर आहेतच ना?"

"राहू द्या तुमचं रोम," कलावती म्हणाली. "पोट्टी उन्हात बसून आहे."

गंगाधरने शेगडी बंद केली. शिशावर राखाडी साय धरली.

"झाडू मारू नका, धूळ उडेल," कौमुदी उठत म्हणाली. "माती भिजवून वरचा थर काढा. मग फोन करा."

चार दिवस तो वीतभर माती खणत होता. शिसं, कढई, पळी, सगळं उरला औद्योगिक वसाहतीतल्या, जुन्या बॅटऱ्या गाळणाऱ्या कारखान्यात देऊन आला. अंगणात नवा मुरूम पडला.

पाचव्या दिवशी कौमुदी पुन्हा आली. तो हात मागे बांधून उभा होता.

"धुतले?"

"तीनदा. साबणानं."

तिने बॅग त्याच्या हातात दिली.

दुपारी पुजाऱ्यांचा फोन आला. "भैया, मंदिरामागचा सांधा गळून राहिला."

"येतो. रबराची रिंग बसवून देतो."

त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. शिशाविना पिशवी हलकी होती. गल्लीच्या वळणापर्यंत त्याचा उजवा खांदा मात्र नेहमीसारखाच झुकलेला दिसत राहिला.