केरवा की रुंबा

सुलक्षणा हेडफोन लावून बसली की मधुकर पाटोळ्यांना घरात चैन पडत नसे. मालाडच्या त्यांच्या दोन खोल्यांत ती भिंतीकडे तोंड करून कीबोर्ड वाजवायची. त्यांच्या कानावर पडायची ती नुसती पट्ट्यांची टकटक. ते उजवा पाय ओढत खिडकीपाशी जायचे, परत यायचे.

"काय वाजवतेस एवढं?"

"ईस्टरची गाणी बसवतेय, पप्पा."

"मग मला का नाही ऐकवत?"

"उगाच तुम्हाला त्रास."

हे खरं नव्हतं. बोलून झाल्यावर तिचीही बोटं पट्ट्यांवर सरळ पडत नसत.

स्टेशनपलीकडच्या छोट्या मराठी चर्चमध्ये मधुकरराव सुलक्षणाच्या जन्माआधीपासून तबला वाजवत आले होते. पेटीवर त्यांची बायको असायची. ती गेल्यावर पेटी मुलीकडे आली. मग ८५च्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, चालणंही बरंचसं आलं. उजवा हात मात्र आला नाही. तबला थांबला आणि मंडळीचं गाणं रेंगाळायला लागलं. पुढची बाकं ओळ संपवून मोकळी व्हायची, मागची अजून मध्येच असायची.

तशात मस्कतला नोकरी करणाऱ्या एका कुटुंबानं चर्चला कीबोर्ड भेट दिला. पाळक नंदकुमार वयानं तरुण, ते भलतेच खूश झाले. "ताई, यात ताल तयारच आहेत. बटण दाबलं की ड्रम चालू. आता तबलजी शोधायला नको."

"हे पप्पांना तुम्ही सांगाल?" सुलक्षणानं विचारलं.

पाळकसाहेब घुटमळले. "तुम्हीच सांगा ना."

तिनं सांगितलं नाही. कीबोर्ड घरी आणला आणि हेडफोन लावून एकेक ताल चालवून पाहिला. रॉकवर भजन कवायतीसारखं वाजायचं. डिस्को लावला की वरात निघाल्यासारखं वाटायचं. सांबा इतका घाईचा, की ओळच पुरी होईना. मग तिनं रुंबा लावला. डाव्या हाताच्या एका बोटानं सूर दाबला की खालून खर्जातला बास आपोआप उचलत जायचा, मध्येच जागा सोडायचा, आणि त्या जागेत मराठी गाणं अलगद बसायचं. तिला ते फार आवडलं. आवडलं म्हणून लाजही वाटली. हे तर हॉटेलातलं वाजवणं! दिवसभर अंधेरीच्या ऑफिसात टेलिफोनचे कॉल जोडताना तिची बोटं टेबलावर तोच ठेका धरायची. शेजारची बाई वैतागून म्हणायची, "अगं, काय लावलंयस सकाळपासून?"

एका संध्याकाळी गॅसवरचं दूध वर आलं. ती तशीच धावली. हेडफोनची वायर ताणून निसटली आणि रुंबा खोलीभर घुमायला लागला.

मधुकरराव जागीच थांबले. "कोण वाजवतंय?"

"कोणी नाही, पप्पा. मशीन आहे."

"बंद कर." ती बटणाकडे हात नेते तोच म्हणाले, "नको. राहू दे."

बराच वेळ त्यांनी ऐकलं. डावा तळवा मांडीवर हलत होता. "आपला तबल्यावरचा केरवाच आहे हा," ते म्हणाले. "लंगडत चाललाय." मग तिच्याकडे न बघता विचारलं, "माझी जागा याला दिली?"

"तसं नाही, पप्पा."

"मग कसं?"

ती शेगडीवर उतू गेलेलं दूध पुसायला वळली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तिनं चर्चमध्ये पहिल्यांदा रुंबा लावला. मधुकरराव तबल्याजवळची नेहमीची पुढची जागा सोडून मागे दाराशी बसले. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्या कडव्यात ओळ संपली, मंडळी श्वास घ्यायला थांबली, पण मशीन थांबलं नाही. गाणं एकीकडे आणि ताल दुसरीकडे. सुलक्षणाचे दोन्ही हात पट्ट्यांवर, वरच्या बटणापर्यंत पोचायला हात मोकळा नाही. पोरं खिदळायला लागली. तिनं घाबरून डावा हात उचलला, तसा बास गेला आणि नुसते ड्रम टकटकत राहिले. शेवटी तिनं बटणावर थाप मारली. ड्रम बंद पडले.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांतले वयानं मोठे शिवदासकाका उभे राहिले. आवाजात राग नव्हता. "पोरी, पेटी घे."

घरी आल्यावर तिनं पर्स खाटेवर फेकली. "पार वाट लागली. उद्याच परत देऊन टाकते तो डबा."

मधुकरराव खोलीत येरझाऱ्या घालत होते. "ओळ संपली की मंडळी श्वास घेते. मागच्या बाकावरची शांताबाई तर दोनदा घेते. मी तिथं एखादा तुकडा टाकून वेळ काढायचो."

"माहीत आहे मला."

"मग तू का नाही काढलास?"

"कुठल्या हातानं काढू?" ती ओरडली. "दोन्ही हात गुंतलेले असतात! बटणं वर आहेत!"

ते थांबले. "कुठली बटणं?"

तिनं रागारागातच दाखवली. हे दाबलं की ड्रमचा एक तुकडा वाजतो. ही पट्टी सरकवली की लय कमी-जास्त होते. त्यांनी डाव्या हाताचं बोट बटणावर ठेवलं. ड्रम गडगडून परत ठेक्यावर आले. त्यांनी पुन्हा दाबलं. मग स्टूल ओढून तिच्या उजव्या बाजूला बसले. "लाव परत."

तो आठवडा भांडणात गेला. त्यांचं बोट कधी घसरायचं, कधी उशिरा पडायचं. लय इतकी खाली न्यायचे, की गाणं झोपायचंच.

"पप्पा, आत्ता नाही!"

"तू वाजवताना गात नाहीस. श्वास कुठं घ्यायचा, ते तुला कसं कळणार?"

मग ती गात वाजवायला लागली. आता तिलाही कळायला लागलं.

ईस्टरच्या सकाळी दोघं चर्चमध्ये शिरले, तेव्हा शिवदासकाका दाराशीच होते. "परत तेच का?"

"सलाम, शिवदास," मधुकरराव म्हणाले. "आज गाऊन बघ. नाही आवडलं तर मला बोल, तिला नको."

पहिली ओळ सुलक्षणानं गात वाजवली. ओळ संपली. मधुकररावांनी बटण दाबलं. ड्रम गडगडले, तेवढ्यात मंडळीनं श्वास घेतला आणि सगळे एका दमात पुढच्या ओळीवर आले. मागच्या बायका टाळ्या धरायला लागल्या. शेवटच्या कडव्याला पप्पांनी तिला न विचारताच लय वाढवली. तिनं डोळे वटारले. त्यांनी आणखी वाढवली. तिची बोटं धावत होती आणि मंडळी हसत, धापा टाकत मागून येत होती. सगळे एकदम थांबले. एकट्या शांताबाईंचा शेवटचा शब्द मागाहून आला.

बाहेर शिवदासकाकांनी मधुकररावांना गाठलं. "मला अजून हे हॉटेलातलंच वाटतं. पंचांच्या बैठकीत मी तसं बोलणार." मग म्हणाले, "पण आज माझा आवाज लागला. खोटं कशाला बोलू?"

बैठकीत ठरलं, की दर रविवारी एक गाणं तालावर, बाकीची पेटीवर.

बैठकीनंतर घरी जाताना बाजारातल्या गर्दीत मधुकरराव अचानक म्हणाले, "तबलजी होतो. आता बटणवाला झालो."

सुलक्षणानं समजूत काढली नाही. खोटा शब्द त्यांनी लगेच ओळखला असता.

पुढचे रविवार असेच अस्वस्थ गेले. कधी ते दाढी करून दाराशी तयार, तर कधी खाटेवरून हलायलाच नकार. सकाळ झाल्याशिवाय तिला काही कळायचं नाही. मग जूनमध्ये एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच एक न वापरलेलं बटण दाबलं. तिथं बोसा नोव्हा लिहिलं होतं; ठेका संथ आणि हलका. तिनं त्यावर एक संथ प्रार्थनेचं गाणं धरलं. त्यांनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"याला माझी गरज नाही," ते म्हणाले. "याच्यात दम घ्यायला जागाच जागा आहे. हा एकटीनं वाजव."

"आणि तुम्ही?"

रविवारी ते सरळ शिवदासकाकांच्या शेजारी बसले. एवढ्या वर्षांत त्यांनी तबल्यावरच लक्ष ठेवलं होतं, मंडळीत बसून कधी गायलेच नव्हते. आवाज मोठा होता आणि सूर बराच खाली. शिवदासकाकांनी गीतपुस्तक त्यांच्यापुढे धरलं. ओळ संपली, की मधुकररावांचा डावा पाय जमिनीवर अधीरपणे आपटायचा, आणि पुढची ओळ ते सगळ्यांच्या आधी सुरू करायचे.