चार कैलासवासी पाखरं

कॉलेजातली प्राणिसंग्रहाची खोली मोकळी करून तिथं टेबल टेनिस सुरू करायचं, असं प्राचार्यांनी मनात पक्कं केलं होतं. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पुष्पलताबाईंचा जीव टांगणीला लागला. भुसा भरलेलं मुंगूस, बाटलीतले साप, सगळं त्यांनी स्वतः झाडूनपुसून जपलं होतं. शेवटचा शब्द संस्थेच्या अध्यक्षांचा, आणि ते शनिवारी खोली बघायला येणार होते.

बाईंनी मग ठेवणीतला ऐवज काढला. सदर भागातल्या एका बंगल्याच्या लिलावात मिळालेली ती चार विलायती चित्रं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि हातानं रंगवलेली. डोडो, उत्तरेकडच्या समुद्रातला मोठा ऑक पक्षी, प्रवासी कबूतर आणि आपल्याच देशातलं गुलाबी डोक्याचं बदक. चित्रं घेऊन त्या जरीपटका भागात लहानूजी फ्रेमवाल्याकडे गेल्या आणि पक्ष्यांची नावं चिठ्ठीवर लिहून दिली.

"जपून हं, लहानूजी. यातलं एकही पाखरू आता जगात नाही."

"अरेरे! चारही गेले?"

"चारही."

लहानूजींचा चेहरा पडला. "फिकर करू नका म्याडम. सारं रीतीनं करून देतो."

शनिवारी फ्रेमा परस्पर कॉलेजात आल्या आणि शिपायानं टांगल्याही. बाई खोलीत शिरल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या. लहानूजींचा निम्मा धंदा गेलेल्या माणसांचे फोटो मढवण्याचा. हात आपल्या सवयीनं चालला होता. प्रत्येक फ्रेमला चंदनाचा हार, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'कै. डोडो', 'कै. गुलाबी बदक'. त्या माणसाला काय म्हणावं! आता प्राचार्यांना हसायला आयतंच निमित्त मिळणार होतं.

हार काढायला बाई उठल्या, तोच अध्यक्ष दारात. गणपतराव नरखेडकडचे संत्र्याचे बागाईतदार, बोलायला रोखठोक. हार दिसताच त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन हात जोडले. सोबत आलेले प्राचार्य तोंडावर रुमाल धरून उभे होते.

गणपतराव बदकापाशी थांबले. "हे कवा गेलं?"

"कित्येक वर्षं झाली, साहेब. तेव्हापासून कुणाला दिसलं नाही."

"मांगं कोन कोन हाये?"

मयताच्या घरी भेटायला गेलेला माणूस हे विचारतोच. पण 'नामशेष' हा शब्द बाईंनी फळ्यावर किती वेळा लिहिला होता, तो असा अंगावर कधी आला नव्हता.

"कोणीच नाही, साहेब. एक पिल्लूसुद्धा नाही."

गणपतराव चारही चित्रांपुढून सावकाश फिरले. मग प्राचार्यांकडे वळले. "फोटू तं लेकरं लावतात. यायले लेकरंच नाही. आपन नाही लावला, तं कोन लावन? तुमचं टेबल दुसरीकडं टाका."

संध्याकाळी बाई संत्रा बर्फीचा पुडा घेऊन जरीपटक्यात गेल्या. सकाळी मनात जमवलेले कडक शब्द कुठल्या कुठे गेले होते. त्यांचे डोळे भरून आले. "लहानूजी, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझी खोली वाचली."

लहानूजी संकोचले. पुडा दोन्ही हातांत धरून त्यांनी हळूच विचारलं, "म्याडम, राग नका मानू, पन हे तुमचे कोन लागत होते?"

"आपलेच होते, लहानूजी," बाई म्हणाल्या.