सेल कोण काढायचं?

मी एक जुना, बिनवायरचा कंट्रोलर आहे. ज्या व्हिडिओ गेमच्या डब्यासाठी मला बनवलं, तो फारसा कोणी घेतला नाही आणि दोन वर्षांत कारखान्याने त्याचं नाव टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच हळहळत बसणार नाही.

माझ्या पाठीवर दोनचा आकडा आहे. एक नंबर लेकीच्या हातात असायचा, मी बाबांच्या. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. बोटं इतकी नाजूक, पण पडद्यावरची गाडी हटकून खड्ड्यात. माझा किरण डोळ्यांना दिसत नाही, मात्र मध्ये माणूस आलं की अडतो. आई नेमकी तेव्हाच धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन मधून जायची.

"झालं, हिच्यामुळे हरलो," बाबा म्हणायचे.

"मी मध्ये नसते तेव्हा मोठे जिंकता," आई जाता जाता ऐकवायची.

खेळ संपला की थोड्या वेळाने माझी शुद्ध हरपायची, ती पुढच्या रविवारी परत यायची. हे आपोआप होतं, असं मी धरून चाललो होतो.

मग आई आजारी पडली आणि गेली. महिन्याभराने लेकीने बाबांना बळेच खेळायला बसवलं. मध्ये कोणी आलं नाही. बाबा पहिल्यांदाच जिंकले. त्यांनी मला खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर सरकवलं. या वेळी माझी शुद्ध गेली नाही. अंधारात मी जागाच राहिलो. पुढे कधीतरी पोटात ओलं पाझरलं आणि अंग बधिर होत गेलं. दुखलं असं नाही.

दोन वर्षांनी लेकीने खोकं खाली काढलं. बाबांनी दुकान बंद केलं होतं आणि बोलणंही. दिवसभरात 'हो' आणि 'नको', एवढेच शब्द. खेळाच्या निमित्ताने तरी ते बोलतील, अशी तिला आशा होती. तिने माझी पाठ उघडली. आत हिरवट खरपुडी धरली होती.

"बाबा, सेल आतच राहिले की."

"तू काढायचीस ना?"

"मी कुठे? मला वाटायचं, तुम्ही काढता."

बाबांनी मला तिच्या हातातून घेतलं.

"चौदा वर्षं," बाबा म्हणाले. "दर रविवारी काढत असणार ती. मला एकदाही दिसली नाही."

त्यांनी आपली चिमटी आणली आणि पाझरलेले सेल अलगद उपसले. पुढचं मला माहीत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा बाबांचा अंगठा माझ्यावर होता. उजवं बटण बधिरच राहिलं. बाबा आईबद्दल बोलत होते, थांबायला तयार नव्हते, आणि पडद्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

मित्रांनो, खेळून झालं की आमचे सेल काढून ठेवा. आणि तुमच्या घरी ते कोण काढतं, हे आजच विचारा. सांगायला ते माणूस घरात आहे तोवर.