चंद्रहासची सीट

डी

गाडीला माणूस कळत नाही, किल्ली कळते. मयूरा रोज सकाळी चंद्रहासची किल्ली उचलते. तिची स्वतःची हरवलेली नाही. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये जुन्या बॅटऱ्यांशेजारी पडून आहे. पण फेब्रुवारीत चंद्रहास गेला, रविवारी दुपारी, सोफ्यावर, हातातला चहा निवायच्या आत, आणि तेव्हापासून तिचा हात दारामागच्या खुंटीवरून हीच किल्ली काढतो. हात काढतो. ती काढते असं म्हणता येणार नाही.

दार उघडलं की ड्रायव्हरची सीट घरघरत मागे सरकते, खाली जाते, आरसे बाहेर वळतात. सहा फुटी माणसाची बैठक तयार होते. मयूरा तिच्यात बसते. पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. मग ती दारावरचं दोन नंबरचं बटण दाबते. एक म्हणजे चंद्रहास, दोन म्हणजे ती. सीट तिला घेऊन पुढे येते आणि ती कामाला निघते.

मेलबर्नच्या टार्निट उपनगरातली मराठी मंडळी म्हणायची, मयूरा फार धीराची. धीर वगैरे काही नव्हता. दात काढण्याआधी हिरडीत इंजेक्शन देतात आणि मग कुणीतरी आत काहीतरी ओढतंय एवढंच कळतं, तसं सगळं चाललं होतं. सनशाइनच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने तपासायची. घरी येऊन कुकर लावायची. मुलीला, ईशानीला, जेवलीस का विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत दुसऱ्या खोलीत गेलेली असायची.

एन

आणि मध्येच कधीतरी गाडी

म्हणजे अशी, की फ्रीवेवर चांगल्या वेगात असताना इंजिन एकदम मोठ्यानं ओरडतं, काटा वर चढतो आणि गाडी ओढतच नाही. समोर गिअरचं डी हे अक्षर तसंच पेटलेलं. गाडी मात्र न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी नुसती घरंगळते. मागून ट्रकचा भोंगा. मग कडेला घ्यायची, बंद करायची, दार उघडून पुन्हा लावायचं, तेही वाहत्या ट्रकांच्या बाजूचं, थोडं थांबायचं आणि चालू करायची. की निघाली, जसं काही झालंच नाही.

सर्व्हिस सेंटरचा माणूस कॉम्प्युटर जोडून बघायचा आणि हसून म्हणायचा, "काहीच सापडलं नाही. ऑल गुड. नो वरीज."

पहिल्यांदा हे झालं तेव्हा चंद्रहास चालवत होता.

"काय झालं रे?"

"काही नाही. सॉफ्टवेअर असेल."

मयूरानं त्याच्या मित्राचं नाव घेतलं. "नरेंद्रला विचारू या ना. त्यांची पण हीच गाडी आहे."

"वेडी आहेस का? माझ्या शब्दावर घेतलीये त्यानं. वरुणनंही. आता मीच जाऊन विचारू, का रे, तुझी बंद पडते का? त्यांची मस्त चालते. परवाच म्हणाला नरेंद्र. आपल्याच कुंडलीत आलीये ही. कुणापाशी बोलू नकोस."

ती बोलली नाही. तो गेल्यावर तर बोलायचा प्रश्नच उरला नाही. गेलेल्या माणसाची निवड चुकली, हे कुठल्या तोंडानं

आर

मागे जायचं तर असं जावं लागतं.

आज हॅडलो, म्हणजे या गाडीची कंपनी, ऑस्ट्रेलियात एकही गाडी बनवत नाही; बाहेरून आणते आणि विकते. त्याआधी मेलबर्नच्या उत्तरेला तिचा कारखाना होता. तो बंद झाला त्या दिवशी कामगारांनी शेवटच्या गाडीच्या बॉनेटखाली सह्या केल्या. त्याआधी इथल्या दोन पिढ्यांची पोरं हॅडलोच्या मागच्या सीटवर भांडत समुद्रावर गेली. त्याआधी युद्ध, आणि युद्धात हॅडलोचे ट्रक. त्याच्याही आधी ओहायोतला कुणी एक लोहार, बर्फावरच्या घसरगाड्या बनवणारा. तो म्हणायचा, गिऱ्हाईक परत यावं ते राम राम करायला, भांडायला नव्हे.

लोहार राम राम म्हणाला नसणार. पण चंद्रहास असंच सांगायचा. मयूराला हा सगळा इतिहास पाठ होता, कारण त्यानं त्याच्या स्लाइड्स केल्या होत्या. नरेंद्रच्या घरी, पावभाजी झाल्यावर, लॅपटॉप टीव्हीला जोडून. शेवटच्या स्लाइडवर कोल्हापूरकडचा एक काळा-पांढरा फोटो होता: त्याच्या आजोळच्या आजोबांनी युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजल विक्रीत घेतलेला हॅडलोचा ट्रक, वर ऊस, उसावर माणसं.

"आयुष्यभर उसाला जुंपला आजोबांनी," चंद्रहास म्हणाला होता. "एकदाही बंद पडला नाही."

"भाओजी, पुढचे बैल फोटोतून कापलेत वाटतं," मिताली म्हणाली. मिताली म्हणजे नरेंद्रची बायको. हसता हसता वरुणला ठसका लागला होता.

आणि मग तिन्ही घरांत हॅडलो आल्या. आपल्याकडे हे असंच चालतं. फ्लॅट, शाळा, मिक्सर, सगळ्याचा अभ्यास एकानं करायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या जिवावर निवांत व्हायचं.

डी

ऑक्टोबरात ईशानीला लायसन्स मिळालं. नव्या चालकानं गाडीला लावायची लाल पी प्लेट तिनं आधीच आणून ठेवली होती. नर्सिंगची प्लेसमेंट बॅलरॅटच्या हॉस्पिटलात सोमवारपासून सुरू होत होती, सकाळच्या शिफ्टला, आणि इतक्या सकाळी पोचवणारी ट्रेन नव्हती.

"आय विल टेक बाबाज कार," ती म्हणाली. "तू प्रॉमिस केलंस."

केलं होतं. मार्चमध्ये कधीतरी. तेव्हा लोक जे विचारत त्याला मयूरा हो म्हणत होती.

"हो," ती आताही म्हणाली.

बॅलरॅटचा रस्ता म्हणजे फ्रीवे, चढ, दोन्ही बाजूंना ट्रक. मयूराला हे माहीत होतं. माहीत असणं एकीकडे होतं आणि ती दुसरीकडे, मध्ये काच. रविवारी रात्री सांगू, तिनं ठरवलं. बंद पडली तर काय करायचं ते शिकवू. गाडीच देऊ नये, असं म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं. बाबा चुकला. आणि त्याला कळलं होतं.

दसरा तिथीनं आठवड्याच्या मध्येच येऊन गेला होता, पण इथे सण शनिवारी येतात. नरेंद्रच्या घरासमोरच्या बंद गल्लीत तिन्ही हॅडलो ओळीनं लागल्या. इंडियन ग्रोसरीतून आणलेले झेंडू, हळदकुंकू, नारळ. आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून मितालीनं सोनेरी कार्डपेपरची कापली होती. पलीकडचा गोरा शेजारी कचऱ्याची बिन बाहेर ठेवता ठेवता थांबला आणि अंगठा दाखवून आत गेला.

"यंदा पहिला मान ईशानीचा," नरेंद्र म्हणाला. "चंदूची गाडी, चंदूची लेक. बस गं."

ईशानीनं दार उघडलं. सीट घरघरत मागे गेली, खाली गेली, आरसे वळले. ईशानी बसली.

तिला दोन दाबावं लागलं नाही.

मयूरा हातात आरतीचं ताट धरून उभी होती. तिनं पाहिलं, ईशानीचे पाय नीट पोचले होते. मानेमागचा टेकाही बरोबर जागेवर होता. बापाची उंची. घरात इतके दिवस वावरत होती ही पोर, आणि हे कधी दिसलंच नव्हतं.

"पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलंय हं," मिताली म्हणाली. "हळूच जाऊ दे त्यावरून. चिरडलं पाहिजे, उडवायचं नाही."

"आय नो, काकू."

एन

इंजिन ओरडलं. डी पेटलेलं होतं. लिंबू तसंच.

ईशानीनं पाय आणखी दाबला. इंजिन आणखी ओरडलं. गाडी उभी. बॉनेटवरची झेंडूची माळ थरथरत होती.

"आई? इट्स नॉट मूव्हिंग."

मयूराला पहिल्यांदा खटकलं ते हे: अगं ब्रेक लागलाय का, असं कुणी विचारलं नाही. नरेंद्र धावला नाही. मिताली आपल्या हातातल्या सोनेरी पानांकडे बघत राहिली.

आणि वरुण, या सगळ्यांत धाकटा, सवयीनं बोलून गेला, "ईशू, बंद कर. आता दार उघड आणि परत लाव. नाही, नीट लाव, आवाज आला पाहिजे. आता थांब थोडी. हां. आता कर चालू."

गाडी चालू झाली. लिंबावरून गेली. लिंबू चिरडलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"वरुण," मयूरा म्हणाली. "दार उघडून लावायचं, हे तुला कोणी सांगितलं?"

"असंच, वहिनी. जनरल नॉलेज."

"कोणी सांगितलं?"

वरुणनं नरेंद्रकडे पाहिलं. नरेंद्र नारळाची शेंडी उपटत होता.

"आमची पण असंच करते," वरुण म्हणाला. "पहिल्या वर्षापासून. वेस्टर्न रिंग रोडवर एकदा बाळ मागे होतं आणि... जाऊ दे."

"आणि तुमची?" मयूरा मितालीकडे वळली.

"आमची तर मी फ्रीवेवर नेतच नाही गं," मिताली म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "आतल्या रस्त्यानं जाते. ह्यांना म्हटलं, भाओजींना सांगा. तर हे म्हणे, त्यानं एवढ्या प्रेमानं स्लाइड्स केल्या, त्याला काय वाटेल!"

"तो भेटला की पहिलं विचारायचा, काय, कशी चालतेय?" नरेंद्र म्हणाला. "असा बघायचा ना तोंडाकडे. काय सांगू त्याला? म्हटलं, मस्त."

"आणि तो गेल्यावर?"

"गेल्यावर कसं बोलणार, मयूरा?"

मयूरानं ताट खाली, फुटपाथवर ठेवलं. तिला रडू येत नव्हतं. रागही येत नव्हता. लॅबमध्ये तीन वेगवेगळ्या नळ्यांचा निकाल एकच यावा आणि आपण नुसती नोंद करावी, तसं काहीतरी.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "आमचीही बंद पडायची. त्याला वाटायचं, तुमच्या चांगल्या चालतात. आपलीच खराब निघाली म्हणून गप्प बसायचा. मलाही गप्प बसवलं."

नरेंद्रच्या हातातली शेंडी तशीच राहिली. "चंदू? आमची मस्त चालते म्हणून?"

"हो."

"आयला," नरेंद्र म्हणाला आणि हसला, आणि ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं. "भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच."

ईशानी गाडीतून उतरली होती. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी आईकडे.

"यू न्यू?"

"हो."

"आणि मंडेला तू मला ही देणार होतीस? बॅलरॅटला?"

"रविवारी सांगणार होते. कशी परत चालू करायची ते."

"कशी चालू करायची ते." ईशानीनं ते मराठीत, तस्संच परत म्हटलं. मग हळू आवाजात, "आई, मी ट्रकखाली गेले असते."

हे ऐकलं तेव्हा मयूराच्या हिरडीतलं इंजेक्शन किंचित उतरलं. फार नाही. एका कडेला थोडं दुखलं, एवढंच. पण कुठे दुखतंय ते कळलं.

"किल्ली दे," ती म्हणाली.

"बट इट्स बाबाज..."

"बाबाची आहे. दे. तू ही चालवायची नाहीस. कोणीच नाही."

पी

सोमवारी सकाळी उजाडण्याआधी मिताली आपली जुनी जपानी गाडी दारात उभी करून गेली. मागच्या काचेला ओरखडे, पुढे शिकाऊ असतानाचा एल चिकटवल्याची खूण. ईशानी ती घेऊन बॅलरॅटला गेली. पोचल्यावर मेसेज केला, फक्त अंगठा.

दिवस वर आल्यावर तिन्ही हॅडलो एकामागोमाग आतल्या रस्त्यानं शोरूमला निघाल्या. पुढे वरुण, मध्ये नरेंद्र, शेवटी मयूरा. बॉनेटवरच्या माळा सुकल्या होत्या, पण काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. वाटेत नरेंद्रची बंद पडली. मागे मयूरा थांबली, पुढे वरुण. नरेंद्रनं दार उघडून लावलं. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून जरा जोरातच लावलं.

काउंटरवरच्या मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, बाहेरच्या माळांकडे पाहिलं.

"तिघांची एकच तक्रार?"

"एकच," नरेंद्र म्हणाला. "तिघं एकत्र आलोय आणि तिघं एकत्रच थांबणार आहोत. घाई नाही, मेट."

मुलीनं मयूराला विचारलं, गाडी कोणाच्या नावावर, आणि हा त्रास पहिल्यांदा कधी जाणवला?

मयूराकडे आतापर्यंत दोन्ही प्रश्नांचं एकेक सोयीचं उत्तर होतं.

"माझ्या नवऱ्याच्या नावावर," ती म्हणाली. "आणि घेतल्यापासून. त्याला माहीत होतं. तो सांगत नव्हता."

मुलगी टाइप करत राहिली. तिच्यासाठी ते एक वाक्य होतं.

गाडी आत घ्यायला एक मेकॅनिक आला. मयूरानं त्याला किल्ली दिली. त्यानं दार उघडलं, सीट घरघरत मागे गेली, आरसे वळले. तो बुटका होता. बसला, पाय पोचेनात, तेव्हा त्यानं दारावरचं कुठलंही बटण न दाबता सीटच्या कडेवरची कळ दाबून धरत ती पुढे आणली, आपल्या मापाची केली आणि गाडी आत नेली.

संध्याकाळी ईशानी परत आली. जेवताना वॉर्डमधल्या एका म्हाताऱ्याबद्दल काहीतरी सांगत होती. मयूरा दुसऱ्या खोलीत गेली नाही, बसून राहिली. सगळं तिच्या कानात शिरलं असं नाही. अर्धंमुर्धं शिरलं.

"दूध संपलंय," नंतर ती म्हणाली. "मी जाऊन येते."

मितालीच्या गाडीत ती बसली. सीट ईशानीच्या मापाला, पार मागे. तिचा अंगठा दारावर दोन नंबरचं बटण शोधू लागला. गुळगुळीत प्लास्टिक. तो थोडा वेळ तिथेच फिरत राहिला.

दाराशी ईशानी येऊन उभी राहिली. "आई, सीटखाली दांडी आहे. वर ओढायची आणि पायांनी पुढे यायचं. जोर लावावा लागतो."

मयूरा वाकली. दांडी गार होती. तिनं ओढली, टाचा रोवल्या आणि स्वतःला पुढे ढकललं.